पुरुषाची छाती, कुष्ठरोग आणि खानदेश

जळगाव-धुळ्याकडे प्लास्टिक सर्जरीच्या जाहिरातीत गायनेकोमॅस्टिया (पुरुषाचे स्तन वाढणे) हा शब्द बहुधा केसांचे रोपण आणि पोटावरची चरबी यांच्या शेजारी छापलेला असतो. या शेजारामुळे वाचणाऱ्याचे मत आधीच ठरून जाते. पुरुषाची वाढलेली छाती सपाट करून घेणे हा पैसेवाल्या पोरांचा शौक, मुंबई-पुण्याकडून आलेले नवे फॅड, असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. हा समज इतिहासाला धरून नाही, असे मला वाटते. ही शस्त्रक्रिया जुनी आहे. शिवाय आपल्या भागात पुरुषांना तिची खरी गरज भासली ती सौंदर्यापायी नव्हे, कुष्ठरोगापायी. आणि कुष्ठरोगाशी खानदेशचा संबंध अजून तुटलेला नाही.

आधी प्रकार समजून घेऊ. पुरुषाच्या शरीरातही स्तनाची थोडी ग्रंथी असते. टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन या दोन संप्रेरकांचा तोल इस्ट्रोजेनकडे झुकला की ती वाढते. आयुष्यात तीन वेळा हे रोगाशिवायही घडते: जन्मल्यावर काही आठवडे, मिसरूड फुटण्याच्या वयात आणि उतारवयात. निम्म्याच्या आसपास मुलांना पौगंडावस्थेत हा अनुभव येतो आणि बहुतेकांची गाठ वर्षा-दोन वर्षांत आपोआप विरते. नुसती चरबी साठली असेल तर ती बोटाला मऊ लागते. खरी ग्रंथी वाढली असेल तर स्तनाग्राखाली रबरासारखी घट्ट चकती हाताला लागते. लिव्हर सिरोसिस, काही औषधे (स्पायरोनोलॅक्टोन हे त्यांतले नेहमीचे नाव), जिममध्ये घेतलेली स्टेरॉइड्स, अंडकोशांचे विकार अशी कारणे असतात. एकाच बाजूला, स्तनाग्रापासून बाजूला सरकलेली कठीण गाठ असेल किंवा रक्तमिश्रित स्राव येत असेल, तर मात्र आधी कर्करोग नाही ना हे पाहावे लागते. पुरुषालाही तो होतो, क्वचित का होईना.

या विकाराचे ग्रीक नाव प्राचीन वैद्य गॅलेनपासून चालत आले आहे. सातव्या शतकातला वैद्य पॉल ऑफ एजिना याने शस्त्रक्रियाच लिहून ठेवली आहे: स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घ्यायचा, कातडी सोडवून आतली चरबी काढायची आणि टाके घालायचे, स्तन फार मोठा असेल तर दोन कोरी घेऊन मधली कातडीही काढायची. दहाव्या शतकाच्या सुमारास कॉर्डोव्ह्याच्या अल-जहरावीने तीच रीत पुढे नेली. पॉलने दिलेले कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुरुषाला बायकी म्हणून हिणवले जाते, म्हणून ही शस्त्रक्रिया करावी, असे तो सांगतो. वेदना किंवा जिवाला धोका ही कारणे त्याने पुढे केलेली नाहीत. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी एका वैद्याने सामाजिक अवहेलना हेच उपचाराचे पुरेसे कारण मानले होते. 1946 मध्ये जेरोम वेब्स्टरने स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने अर्धगोल छेद सुचवला, व्रण त्या कडेत लपला, आणि आजचा सर्जनही बहुधा तिथूनच आत जातो. 1980 नंतर चरबी शोषून घेण्याचे तंत्र आले. पण घट्ट ग्रंथी शोषली जात नाही, ती कापूनच काढावी लागते. कापतानाही स्तनाग्राखाली एक पातळ थर राखून ठेवावा लागतो, नाहीतर छातीवर वाटीसारखा खड्डा पडतो.

आता खानदेश. एकोणिसाव्या शतकात हा एकच जिल्हा होता आणि धुळे त्याचे मुख्यालय. 1906 मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. खानदेश ज्या मुंबई इलाख्यात होता, तिथल्या कुष्ठरोगाचा पहिला पद्धतशीर आढावा हेन्री व्हँडाइक कार्टरने 1871 मध्ये प्रसिद्ध केला, 1867 च्या सरकारी नोंदींच्या आधारे. ग्रेच्या शरीररचनाशास्त्राच्या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रे ज्याने काढली तोच हा कार्टर. पुढे 1898 चा लेपर्स अ‍ॅक्ट आला. तो जिथे लागू होई तिथे कुष्ठरोग्याला ठरावीक धंदे करता येत नसत, आणि सार्वजनिक विहिरीवर किंवा तळ्यावर पाणी भरण्यास व अंघोळ करण्यास बंदी घालता येत असे. म्हणजे रोग अंगावर दिसला की माणूस पाणवठ्यावरून उठवला जाणार, असा हा कायदा. केंद्राने तो रद्द केला 2016 मध्ये. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, ते तर 2019 पर्यंत टिकले. आजही राज्यात ज्या जिल्ह्यांत नवे रुग्ण सातत्याने सापडतात, त्यांत नंदुरबार, धुळे, जळगाव ही नावे येतात.

या रोगाचा आणि छातीचा संबंध काय? कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात: नाक, कान, हातपायांच्या कातडीलगतच्या नसा आणि अंडकोश. जंतूंचा भार मोठा असलेल्या प्रकारात अंडकोश हळूहळू सुकतात, टेस्टोस्टेरॉन घटते आणि काही वर्षांनी दोन्ही बाजूंची छाती वाढू लागते. कुष्ठरोगावर कडुकवठाचे तेल दिले जाई त्या काळात हे थांबवणे शक्य नव्हते. डॅप्सोन आणि 1981 नंतरची बहुविध औषधोपचार पद्धती यांनी जंतू मरतात, पण सुकलेला अंडकोश पूर्ववत होत नाही. म्हणजे गोळ्यांचा कोर्स पुरा करून कागदोपत्री रोगमुक्त झालेला शेतमजूर सदरा काढला की पुन्हा ओळखला जातो. बोटांतला बधिरपणा लपवता येतो. कापूस वेचायला किंवा केळीचे घड वाहायला उघड्या अंगाने उतरणाऱ्याला छाती लपवता येत नाही.

वेल्लोरमध्ये पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. महाराष्ट्रात हे काम उभे केले डॉ. नोशीर अंतिया यांनी. प्लास्टिक सर्जन हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेले अंतिया पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नाक, भुवया, चेहरा दुरुस्त करत होते. कुष्ठरोगाच्या शल्यचिकित्सेवरच्या ग्रंथांत बसलेले नाक आणि गळालेल्या भुवया यांच्या बरोबरीने गायनेकोमॅस्टियाची शस्त्रक्रियाही येते. भुवईचे उदाहरण मला निर्णायक वाटते. भुवई नसल्याने माणसाचे कुठलेच काम अडत नाही. तरीही डोक्याची केसाळ कातडी भुवईच्या जागी बसवण्याचा खटाटोप या सर्जनांनी केला, कारण भुवई नसलेल्या माणसाला चहाच्या टपरीवर कप मिळत नव्हता. नुसते दिसणे आणि कामाचे अवयव, ही वाटणी तिथे टिकत नाही.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला: आज दवाखान्यात येणारे बहुतेक तरुण कुष्ठरोगी नसतात, मग त्या इतिहासाचा दाखला त्यांना कसा लागू? कारण वेगळे आहे, हे मान्य. पण होणारी गत तीच. मुलगा नदीवर जात नाही, तालमीत उतरत नाही, उन्हाळ्यातही आत जाड बनियन घालतो. पोलीस भरतीत छाती न फुगवता 79 सेंटिमीटर आणि फुगवून 5 सेंटिमीटर जास्त भरावी लागते. मोजणीच्या रांगेत सदरा काढून उभे राहावे लागते, आणि भरतीची तयारी करणारी मुले खानदेशात गावोगाव आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोष बघणाऱ्याच्या नजरेत असताना चाकू रुग्णाच्या अंगावर का? हा प्रश्न कुष्ठरोगाबाबतही विचारता येतो, आणि तिथले उत्तर असे की अंतियांसारख्या माणसांनी दोन्ही कामे केली. रुग्णांना सर्वसाधारण रुग्णालयात जागा मिळावी म्हणून ते झगडले आणि नाकही बसवले. समाज सुधारेपर्यंत रुग्णाने वाट पाहावी, हे सांगणाऱ्याला फुकटात सांगता येते. तिसरा आक्षेप मला अर्धा पटतो: धंदा म्हणून पंधरा वर्षांच्या मुलांवरही शस्त्रक्रिया उरकल्या जातील. म्हणूनच पौगंडावस्थेतल्या गाठीला वर्षा-दोन वर्षांची मुदत द्यावी, औषधांची आणि संप्रेरकांची चौकशी आधी करावी. मात्र जुनी होऊन तंतुमय झालेली ग्रंथी गोळ्यांनी फारशी विरत नाही, हेही घरच्यांनी समजून घ्यावे.

प्रश्न शेवटी पैशाशी येऊन थांबतो. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी सर्रास वगळलेली असते. अपवाद दिलेले असतात: अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, किंवा आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी ती वैद्यकीय गरज आहे, असा दाखला उपचार करणाऱ्या डॉक्टरने दिला तर. धुळ्यात 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला 2018 पासून. हा दाखला लिहायचा की नाही हे तिथल्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या डॉक्टरला ठरवावे लागते. ते ठरवताना रुग्णाच्या जुन्या कागदांत कुष्ठरोगाची नोंद आहे का, हे खानदेशात तरी आधी पाहायला हवे.