बर्फातले टायर, बारमाही टायर : घेण्यापूर्वी काय पाहावे

तिगाव, पांढुर्णा, सौंसर भागातल्या काही घरांतली मुले आता कॅनडा, जर्मनी, अमेरिकेत स्थिरावली आहेत. पहिल्या हिवाळ्याच्या तोंडाशी घरी फोन येतो, "बाबा, गाडी घेऊन चारच महिने झाले आणि दुकानदार म्हणतो आणखी चार टायर घ्या." आपण इकडून सांगतो, नवेकोरे टायर असताना कशाला घेतोस, तो लुबाडतो आहे.

मीही माझ्या मुलीला हेच सांगितले होते. बँकेत आयुष्यभर खर्चाच्या प्रत्येक व्हाउचरला प्रश्न विचारायची सवय! नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी सिग्नलला तिने ब्रेक दाबला, पण गाडी घसरत चौकाच्या मधोमध गेली. आडवे कोणी येत नव्हते म्हणून निभावले. माझा सल्ला चुकला होता. त्यानंतर हा विषय नीट समजून घेतला. तिकडे बर्फात चालवणाऱ्यांना आणि इकडे बारा महिने ऊन-पावसात चालवणाऱ्यांना उपयोगी पडेल ते खाली दिले आहे.

मूळ गोष्ट : रबर आणि तापमान

गाडीचा रस्त्याशी संबंध चार जागी येतो आणि प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी असते. ब्रेक कितीही चांगले असले तरी पकड तेवढ्याच रबराची. साधे टायर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागतात. कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात बसत नाही, म्हणून गाडी घसरते. हे बर्फ पडण्यापूर्वी कोरड्या थंड रस्त्यावरही घडते.

हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. त्याच्या नक्षीत खोल खाचा आणि शेकडो बारीक चिरा असतात. खाचांत बर्फ दाबून बसतो, आणि बर्फाला बर्फ चांगला धरतो. फिनलंडमध्ये ट्रकसाठी असा पहिला टायर १९३४ साली आणि मोटारींसाठी १९३६ साली निघाला.

उलट, हाच मऊ टायर उन्हाळ्यात वापरला तर लवकर झिजतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागते. म्हणजे एकच टायर दोन्ही ऋतूंत सर्वोत्तम असू शकत नाही. निवड करताना पहिला प्रश्न किमतीचा नसून आपण कोणत्या तापमानात गाडी चालवतो हा आहे.

टायरवरचे आकडे कसे वाचावे

समजा टायरच्या बाजूला लिहिले आहे : २०५/५५ आर १६ ९१ व्ही.

- २०५ : टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
- ५५ : बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ५५ टक्के.
- आर : रेडियल बांधणी.
- १६ : रिमचा व्यास, इंचांत.
- ९१ : भार-अंक. प्रत्येक टायरवर ६१५ किलोपर्यंत भार चालतो.
- व्ही : वेगमर्यादा, ताशी २४० किमी. एच म्हणजे २१०, टी म्हणजे १९०.

याशिवाय चार अंकी तारीख असते. ३५२३ म्हणजे २०२३ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला टायर. दुकानात धूळ खात पडलेला तीन-चार वर्षे जुना माल "नवा" म्हणून गळ्यात पडू नये, म्हणून हा अंक स्वतः वाचावा. जुन्या झालेल्या रबराला, खाचा शिल्लक असल्या तरी, बारीक भेगा पडतात.

नावावर जाऊ नका, चिन्ह पाहा

परदेशात तीन प्रकार समोर येतात.

*ऑल सीझन :* नाव "सर्व ऋतू" असले तरी कडक हिवाळ्यासाठी हे पुरेसे नाहीत. त्यांवर बहुधा 'एम+एस' ही अक्षरे असतात, म्हणजे चिखल आणि बर्फ. पण ही अक्षरे नक्षीच्या रचनेवरून लावली जातात, त्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही. मुलीच्या गाडीला हेच होते.

*विंटर :* यांवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असे चिन्ह असते. बर्फावरची ठरावीक चाचणी पार केल्यावरच ते मिळते.

*ऑल वेदर :* यांवरही डोंगर-हिमकणाचे चिन्ह असते आणि ते वर्षभर चालवता येतात. बर्फ कमी पडणाऱ्या, रस्ते लगेच साफ होणाऱ्या शहरात ही सोयीची तडजोड आहे. मात्र महिनोन् महिने शून्याखाली राहणाऱ्या गावात खरे हिवाळी टायरच घ्यावेत.

कायदा काय सांगतो

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ब्रिटिश कोलंबियात डोंगराळ मार्गांवर १ ऑक्टोबरपासून ३० एप्रिलपर्यंत ते लागतात; तिथे एम+एस चालतात, पण खाच किमान ३.५ मिलिमीटर हवी. ओंटारियोत सक्ती नाही, मात्र १ जानेवारी २०१६ पासून हिवाळी टायर लावणाऱ्यांना विमा कंपन्यांनी हप्त्यात सूट देणे बंधनकारक आहे. सूट आपोआप मिळेलच असे नाही, विमा कंपनीला टायर लावल्याचे कळवावे लागते.

जर्मनीत तारखेची सक्ती नाही. रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेले पाणी असेल तर हिवाळी टायर हवेतच, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यासाठी डोंगर-हिमकणाचे चिन्हच ग्राह्य धरतात. ऑस्ट्रियात हिवाळी टायरची खाच ४ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो हिवाळी मानला जात नाही. नियम नसला तरी ४ मिलिमीटरचे हे माप सगळीकडे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

चाके आणि रिम

दर हंगामाला रिमवरून टायर काढून दुसरे चढवण्यापेक्षा हिवाळी टायरसाठी लोखंडी रिमचा वेगळा संच ठेवणे सोयीचे. मग फक्त चाके बदलायची. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने चकचकीत अलॉय रिम खराब होतात, तेही टळते.

हिवाळ्यासाठी एक इंच लहान रिम आणि थोडा अरुंद टायर घेण्याची पद्धत आहे. अरुंद टायर बर्फ कापत खाली टेकतो आणि स्वस्तही पडतो. मात्र चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहिला पाहिजे. २०५/५५ आर १६ चा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर, तर १९५/६५ आर १५ चा सुमारे ६३५. हा फरक चालतो. व्यास फार बदलला तर वेगाचा काटा चुकीचा दाखवतो.

रिम घेताना चार गोष्टी जुळायला हव्यात : बोल्टांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास (जसे ४ बोल्ट, १०० मिलिमीटर), मधल्या छिद्राचे माप, रिम आत-बाहेर किती बसते ते, आणि आत ब्रेकला पुरेशी जागा. गाडीच्या पुस्तिकेत मान्य मापे दिलेली असतात. त्याबाहेर जाऊ नये.

चारही टायर एकाच प्रकारचे लावावेत. पैसे वाचवायला पुढचे दोनच हिवाळी लावले तर ब्रेक मारताना मागची बाजू फिरते. "माझी गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे" हेही उत्तर नव्हे. चारही चाकांची ताकद गाडी पुढे न्यायला मदत करते, थांबवायला पकड टायरचीच लागते.

खर्चाचा हिशेब

समजा वर्षाला १५,००० किमी गाडी चालते आणि एक संच ६०,००० किमी टिकतो. एकच संच चार वर्षांत संपेल. दोन संच आलटून पालटून वापरले तर एक चालू असताना दुसरा झिजत नाही, म्हणून दोन्ही मिळून जवळपास दुप्पट काळ जातात. मऊ रबर थोडे लवकर झिजते आणि रबराचे वयही वाढते, तेवढी घट धरावी. तरीही टायरचा खर्च दुप्पट होत नाही. खरा जादा खर्च रिमच्या संचाचा आणि वर्षातून दोनदा चाके बदलण्याचा. एका किरकोळ धडकेत विम्यापूर्वी स्वतःच्या खिशातून भरावी लागणारी रक्कम याच्या शेजारी ठेवून पाहा, म्हणजे दुकानदार लुबाडतो आहे का ते कळेल.

आपल्याकडे काय वेगळे

आपल्याकडे बर्फ नाही, पण प्रश्न तोच. मे महिन्यात तापलेला महामार्ग, जुलैत संत्र्याच्या बागेकडे जाणारी काळ्या मातीची वाट, आणि नागपूर-बैतूल रस्त्यावरचा वेग. भारतात मिळणारे साधे टायर उष्ण हवेसाठीच असतात, म्हणून इथे बारमाही एकच संच पुरतो. पण तीन गोष्टी पाळाव्यात.

पहिली, हवा. कमी हवेचा टायर भिंतीत दुमडत राहतो, तापतो आणि वेगात फुटतो. हवा सकाळी गाडी चालवण्यापूर्वी तपासावी, दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याइतकी. दुपारी गरम टायरचा दाब वाढलेला दिसतो, तो पाहून हवा कमी करू नये.

दुसरी, खाच. मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. गुळगुळीत टायर पावसात पाणी बाजूला सारू शकत नाही आणि पाण्यावर तरंगतो.

तिसरी, हौस. मोठे रिम आणि पातळ टायर दिसायला छान, पण खड्ड्यात रिम वाकते. शेतासाठी जाड नक्षीचे टायर घ्यायचे असतील तर रोज किती किलोमीटर चिखल आणि किती डांबर, हे आधी मोजावे. डांबरावर ते आवाज करतात आणि पेट्रोल जास्त लागते.

थंड देशात हाच हवेचा नियम उलट दिसतो. २० अंशांत ३३ भरलेली हवा उणे १५ अंशांत सुमारे २७ वर येते. म्हणून हिवाळ्यात दर महिन्याला हवा तपासावी.

मनालीला स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी

३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही लाहौलच्या बाजूला जाता येते, पण हवामान पाहून वाहने अडवली जातात. आपले टायर तिथे कडक पडतात. बर्फ असेल तर स्थानिक चालकाची साखळी लावलेली गाडी घ्यावी. स्वतः चालवायचेच असेल तर टायरच्या मापाची साखळी न्यावी, ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांना लावावी, सावकाश जावे आणि बर्फ संपताच काढावी. ती लावण्याचा सराव घरीच अंगणात करून घ्यावा.

फोन आला तर

मुलांचा तिकडून फोन आला तर एवढेच विचारा : तिथे तापमान ७ अंशांखाली किती महिने असते, टायरवर डोंगर-हिमकणाचे चिन्ह आहे का, चारही सारखे आहेत का, खाच ४ मिलिमीटर आहे का. चाके बदलल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा कसून घ्यायला सांगा. आणि टायर थंडी येण्याआधी बदलायला सांगा, कारण पहिल्या बर्फाच्या दिवशी दुकानासमोर रांग लागलेली असते आणि तिथपर्यंत जुन्याच टायरवर जावे लागते.