डिलीट केलेल्या फाइलचा फेरफार

पारगावात जमीन विकली, खरेदीखत झालं, पैसे पोचले, तरी फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर जुनंच नाव दिसतं. लिनक्सवर एसएसडीच्या बाबतीत बरीच वर्षं असंच चालू होतं. फाइल डिलीट केली की फाइलसिस्टिम स्वतःच्या वहीत 'जागा रिकामी' असं लिहून घ्यायची. ड्राइव्हला कुणी कळवायचंच नाही.

हार्ड डिस्कचं त्यानं काही अडत नव्हतं, जुन्यावरच नवं लिहिता यायचं. फ्लॅश मेमरीत लिहिणं पानापानानं होतं, पुसायचा मात्र अख्खा ब्लॉक. पुसण्याआधी त्यातली कामाची पानं दुसरीकडे हलवावी लागतात. फाइल गेल्याचं माहीतच नसलेला ड्राइव्ह तिचीही पानं इमानदारीत वाहत बसतो. वेग उतरतो, फ्लॅश झिजते.

'ही जागा आता रिकामी' हे ड्राइव्हला कळवणारा आदेश म्हणजे ट्रिम. डिसेंबर २००८ च्या २.६.२८ कर्नलमध्ये डेव्हिड वुडहाउसनं त्यासाठी वाट काढली. साटा ड्राइव्हपर्यंत निरोप पोचायला २.६.३३, म्हणजे फेब्रुवारी २०१० उजाडलं.

पण कळवायचं कधी? प्रत्येक डिलीटला कळवणारा 'डिस्कार्ड' पर्याय आला खरा, पण तेव्हाचा साटा ट्रिम रांगेत बसत नसे. बाकीची कामं थांबवून तो एकटाच चाले. जानेवारी २०११ च्या २.६.३७ मध्ये लुकाश चेर्नरनं सगळी रिकामी जागा एकदम कळवायची सोय केली. 'एफस्ट्रिम' चालतं ते त्यावरच. उबुंटूनं २०१४ मध्ये ते आठवड्यातून एकदा आपोआप चालवायला सुरुवात केली, फेडोरानं २०२० मध्ये. मला हाच तोडगा जास्त पटतो.

मधल्या काळात, २०१५ मध्ये, अल्गोलिया कंपनीच्या सर्व्हरवर फाइलींचे तुकडे शून्य होऊ लागले. संशय सॅमसंगच्या ड्राइव्हवर गेला. सॅमसंगच्या इंजिनिअरांनी शोध घेतला तेव्हा चूक कर्नलमध्ये निघाली: रेडमध्ये ट्रिमचे तुकडे करताना भलत्याच जागेचा फेरफार होत होता!

एकदा ट्रिम झालं की डिलीट केलेली फाइल बहुतेक कायमची गेली. आठवड्याचा टायमर सोमवार लागताच चालतो. मशीन बंद असेल तर पुढच्या वेळी सुरू होताच. म्हणजे रविवारी उडालेल्या लग्नाच्या फोटोंना काही तासच मिळतात. 'डिस्कार्ड' चालू असेल तर तेवढेही नाहीत, आणि बीटीआरएफएसवर ६.२ कर्नलपासून तो आपोआप चालू असतो. बाकीच्यांनी आधी टायमर थांबवावा, मग फोटो शोधावेत.