आई-वडलांची ओळख कुठे झाली? या आखाजीला विचारून घ्या

आजची नोंद पिकाची नाही, घराच्या इतिहासाची आहे.

वडलांकडचा इतिहास आपल्याला कागदावर सापडतो. जुना सातबारा, फेरफार, वारस नोंद, कोतवाल बुक. तहसीलच्या रेकॉर्डला दोन चकरा मारल्या की पणजोबापर्यंत नावं मिळतात. पण माय कुठल्या गावची, सोयरीक कुणी जुळवली, दोघं एकमेकांशी पहिल्यांदा मोकळेपणाने कुठे बोलले, हे कुठल्या उताऱ्यावर आहे? कुठल्याच नाही. ते जागांमध्ये आहे, आणि त्या जागा दाखवू शकणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे गेली.

शहरातली मंडळी आई-वडील लग्नाआधी जिथे फिरले ती बाग, ते हॉटेल शोधतात. आपल्याकडे जुन्या पिढीत लग्नाआधी फिरणं नव्हतंच. मोठी माणसं मुलगी पाहून यायची, सुपारी फुटायची, लग्न लागायचं. खरी ओळख त्यानंतर, माहेर-सासरच्या येण्याजाण्यात व्हायची. म्हणून खानदेशात शोधायचं तर बाग नाही, तो रस्ता शोधायचा.

बहिणाबाई चौधरींचं बघा ना. १८८० मध्ये आसोद्याच्या महाजनांच्या घरी जन्म. १८९३ मध्ये, तेराव्या वर्षी, जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न. आसोदा जळगावापासून हाकेच्या अंतरावर, पण सासुरवाशिणीला तेवढंही लांब. नथुजी लवकर गेले. शेत आणि तीन लेकरं बाईंनी ओढली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण माहेरची वाट, आखाजी, मोट, पेरणी सगळं गाण्यात आलं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी ते उतरवून घेतलं, म्हणून टिकलं. १९५१ च्या डिसेंबरात बाई गेल्या, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. उतरवलं नसतं तर ती वाटही बाईंबरोबरच गेली असती.

आता आखाजी. आपल्याकडे या दिवशी तीन गोष्टी एकत्र येतात. पितरांच्या नावाने घागर भरतात. सालदाराचं जुनं साल संपून नवं ठरतं. आणि मुराळी जाऊन बहिणीला माहेरी आणतो, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. रब्बी घरात आलेली, खरिपाला वेळ, म्हणून लेकीला सवड मिळायची. नंतर न्यायला जावई यायचा. ती परतीची गाडी, वाटेतली विहीर, नदीचा उतार, तिथेच आपल्या आजी-आजोबांची बोलणी झालेली असतात.

कागद शोधताना एक ध्यानात ठेवा. १९०६ पर्यंत खानदेश एकच जिल्हा होता, मुख्यालय धुळे. मग पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. अमळनेरची मुलगी शिंदखेड्यात दिली असेल तर तिचं माहेर एका जिल्ह्यात, सासर दुसऱ्यात. दोन्हीकडे जावं लागेल.

कृषीवाल्या मित्रांनाही यात काम आहे. दादरचं बी, भरताच्या वांग्याचं बी घरात कुठून आलं हे विचारा. पुष्कळदा उत्तर येईल, मायच्या माहेराहून. पांझरेकाठच्या फडातून आलेली सून कोरडवाहू गावात आली, तर पाण्याची पाळी आणि फडाचा शिस्तीचा हिशेब तिला आधीपासून ठाऊक असतो. वाण आणि रीत दोन्ही सोयरिकीच्या रस्त्याने फिरतात.

तर एवढं करा. म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसवून तो जुना रस्ता एकदा फिरवा. फोनवर आवाज रेकॉर्ड करा. निंब तोडला असेल, विहीर बुजली असेल, तरी जागा दाखवतील. आणि यंदा ज्यांच्या नावाने घागर भराल, त्यातल्या प्रत्येक बाईच्या नावापुढे तिच्या माहेरचं गाव वहीत लिहून ठेवा.

तुमच्या मायचं माहेर कोणतं? खाली लिहा.