हजेरी: चौकीतल्या वहीपासून खिशातल्या फोनपर्यंत

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये नवा फोन घेतला की काय होतं? दुकानदार सिम टाकतो, स्क्रीनवर ‘पुढे, पुढे, मान्य आहे’ पटापट दाबतो आणि फोन आपल्या हातात देतो. त्या दोन मिनिटांत, आपण कुठे जातो-येतो याची नोंद ठेवायला कोणीतरी होकार दिलेला असतो. कोणी? बऱ्याचदा दुकानदारानेच!

आजचा भाग या ‘आधीपासूनच चालू’ असलेल्या बटणावर. पण सुरुवात फोनपासून नको, जरा मागे जाऊ.

१९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेशाचं मुख्य ठाणं जळगाव, पश्चिम खानदेशाचं धुळे. पुढच्या पाच वर्षांत, १९११ मध्ये, इंग्रज सरकारने १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा नव्याने केला आणि मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. म्हणजे आपणही आलो.

या कायद्यात गुन्हा सिद्ध व्हायची गरजच नव्हती. सरकारने एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची नावं रजिस्टरात चढवता येत, बोटांचे ठसे घेता येत. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, राहतं ठिकाण कळवायचं, गाव सोडायचं तर आधी सांगायचं. चुकलं तर शिक्षा. आणि आमची जमात यादीत का टाकली, हे कोर्टात विचारायची सोय नव्हती. आजच्या भाषेत सांगायचं तर लोकेशन जन्मापासून ऑन, आणि सेटिंगमध्ये ऑफचं बटणच नाही.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा, पाल पारधी, कंजारभाट अशी १४ नावं आहेत. आपल्यापैकी कित्येकांच्या वर्गात ही मुलं-मुली होती. हा भाग ऐकणाऱ्यांतही असतीलच.

आता थेट २०१० वर येऊ. २९ सप्टेंबरला शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. टेंभली आज नंदुरबार जिल्ह्यात, पण १ जुलै १९९८ पर्यंत तो भाग धुळ्याचाच. आधार आणि हजेरी एकच, असं मी म्हणत नाही. रेशन, बँक, पेन्शन यासाठी ओळख लागतेच. पण याच आधारला आव्हान देणाऱ्या पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आपल्या भागातून सुरू झालेली गोष्ट दिल्लीत अशी वळली.

मग फोनचं काय? २०१८ च्या ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेसने उघड केलं की गुगलचं ‘लोकेशन हिस्टरी’ बंद केलं तरी जागेची नोंद होतच राहते. कारण ‘वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ नावाचं दुसरंच बटण, आणि ते मुळातच चालू! अमेरिकेतल्या ४० राज्यांनी हे प्रकरण लावून धरलं आणि २०२२ मध्ये गुगलने ३९.१५ कोटी डॉलर मोजून ते मिटवलं.

फोनची तुलना त्या हजेरीशी करणं अन्यायाचं वाटेल, आणि थोडं आहेच. नकाशा बघितला म्हणून कोणी आपल्याला चौकीत बसवत नाही. पण हजेरी देणाऱ्याला निदान माहीत तरी असायचं की आपलं नाव वहीत चढतंय.

आणि चौकी आणि फोन खरोखरच एकत्र आले, बरं का. दिल्ली उच्च न्यायालयाने एका परदेशी आरोपीला जामीन देताना अट घातली: गुगल मॅपवर पिन टाक, म्हणजे तू कुठे आहेस ते तपास अधिकाऱ्याला दिसेल. ८ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी ती अट काढून टाकली. जामिनावरच्या माणसाच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट खासगीपणाच्या हक्काच्या विरोधात आहे, असं त्यांचं म्हणणं. आरोपीलाही हा हक्क आहे, तर आपण तर नुसते फोन घ्यायला गेलेलो!

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती ‘स्पष्ट कृतीने’ दिलेली हवी, असं लिहिलंय. आधीच टिक केलेला चौकोन त्यात कसा बसेल, मला तरी कळत नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांना मुख्य तरतुदी पाळायला १८ महिन्यांची मुदत आहे.

तोवर बटणं आपल्यालाच शोधावी लागणार. सेटिंगमध्ये ‘लोकेशन’ उघडा आणि कोणकोणत्या अ‍ॅपला ‘नेहमी’ची परवानगी आहे ते बघा. टॉर्च, वॉलपेपर, गेम यांना काढून टाका. हवामानाला अंदाजे जागा पुरते. मग गुगल खात्यात जाऊन ‘वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ वेगळं बंद करा, ते लोकेशनच्या पानावर सापडत नाही. आणि घरी आजी-आजोबांचा फोन असेल तर तोही हातात घ्या. पण त्यांना विचारून, हं.