तमालपत्राची साक्ष

पुलावातील तमालपत्र आपण जेवताना ताटाच्या कडेला सारतो. मात्र याच पानाने एकेकाळी युरोपातील पंडितांना चकवले होते.

पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायस्कोरिडीस याने लिहून ठेवले की, हे पान भारतातील दलदलीत मुळांवाचून पाण्यावर तरंगते. रोमन लोक त्याला ‘मलाबाथ्रम’ म्हणत. डायस्कोरिडीसच्या ग्रंथाचा अधिकार मोठा. त्यामुळे पुढे शतकानुशतके हे विधान प्रमाण मानले गेले.

वैद्य गार्सिया द ऑर्ता १५३४ साली गोव्यास आले. मुंबई बेटही त्यांच्याकडे खंडाने होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूपी ग्रंथात त्यांनी निर्भयपणे सांगितले की, हे पान झाडाचे आहे, आणि येथील लोकांच्या ‘तमालपत्र’ या शब्दाचाच ग्रीकांनी अपभ्रंश केला आहे. ग्रंथप्रामाण्यापेक्षा त्यांनी येथील अनुभवाला अधिक मान दिला.

ही पारख आजही गृहिणीच्या हाती आहे. तमालपत्राचा वृक्ष हिमालयाच्या पायथ्याशी आणि ईशान्य भारतात वाढतो; तो दालचिनीचा सगोत्र होय. त्याच्या पानावर देठाकडून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात. युरोपीय स्वयंपाकातील लॉरेलच्या पानाला मधोमध एकच मुख्य शीर असते. परसातील दालचिनीची पानेही अशीच तीन शिरांची. तीही स्वयंपाकात चालतात. जून, निरोगी पाने सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावीत. कडक उन्हात त्यांतील सुगंधी तेल उडून जाते.

ऑर्ता यांच्या नशिबी मात्र सन्मान आला नाही. त्यांचे आईवडील मूळचे ज्यू. पोर्तुगालमध्ये त्यांना सक्तीने बाप्तिस्मा घ्यावा लागला होता. ऑर्ता १५६८ साली निवर्तले. पुढच्याच वर्षी गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्यांची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. १५८० साली इन्क्विझिशनने ऑर्ता यांची हाडे थडग्यातून उकरून जाळली.

१२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या वतीने जाहीर क्षमायाचना केली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली अवलंबिलेल्या असहिष्णू मार्गांचाही तीत उल्लेख होता. सत्याला सक्तीची गरज नसते, हे त्या दिवशी वेदीवरून मान्य झाले. एका पानाविषयी खरे सांगणाऱ्या या वैद्याचे स्मरण आपल्या कुटुंबांनी ठेवावे, ते यासाठीच.