मुंबईतील अतिवृष्टी, २००५

मुंबई व कोकणात २६ जुलै २००५ रोजी झालेली विक्रमी पर्जन्यवृष्टी आणि तिच्यामुळे आलेला पूर. सांताक्रूझ वेधशाळेत २७ जुलैच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याचा मोठा भाग दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. त्याच काळात अवघ्या पंचवीसेक किलोमीटरवरील कुलाब्यात जेमतेम ७३ मिमी पाऊस झाला. ही तफावतच या घटनेचे मर्म सांगते. मोसमी वारे जोरात होते आणि किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा होता. मात्र उत्तर मुंबईवर उंच वाढलेले गडगडाटी ढग फारच छोट्या क्षेत्रात एकवटले. इतकी स्थानिक वृष्टी आधी हेरणे तेव्हाच्या साधनांना जमले नाही.

पाणी तुंबण्याचे कारण मात्र केवळ आकाशात नव्हते. जुनी पर्जन्यजल वाहिनी व्यवस्था ताशी सुमारे २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. त्यात दुपारी समुद्राला भरती आली. विहार व पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी माहीमच्या खाडीत नेणारी मिठी नदी भराव, अतिक्रमणे आणि कचऱ्याने आक्रसली होती. कुर्ला, कलिना, वांद्रे परिसर बुडाला, लोकलगाड्या थांबल्या, हजारो माणसे छातीभर पाण्यातून रात्रभर चालत घरी गेली. अनोळखी रहिवाशांनी त्यांना आसरा दिला, हेही नोंदवणे अगत्याचे आहे. साकीनाक्याला दरड कोसळली. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील जुई, दासगाव या गावांवरही दरडी कोसळल्या. राज्यात या आपत्तीत हजारांवर माणसे दगावली. पुराच्या कारणांचा शोध माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने घेतला.