‘म्हणाला’च्या आतला काळ

* मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांविषयी इंग्रजीत लिहिले. इंग्रजीत ‘म्हणाला’ भूतकाळी आले की आतले क्रियापदही सहसा मागे सरकते. ‘पट्टा नाही’ (म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद नाही) याचे ‘पट्टा नव्हता’ होते. मराठीत बोलणाऱ्याचा काळ तसाच टिकतो. म्हणून या अनुवादात अशा ठिकाणी ‘आपल्याला पट्टा नाही, असे तो म्हणाला’ हीच रचना ठेवली आहे. ‘नव्हता’ लिहिल्यास पट्टा पुढे मिळाला असा भलताच समज होईल, आणि जमिनीच्या गाऱ्हाण्यात तो मोठा अन्याय ठरेल. ‘म्हणाला’च्या आतल्या इंग्रजी पूर्ण भूतकाळात ‘गाव उठवले’ आणि ‘गाव उठवले होते’ हे दोन्ही अर्थ मावतात. तेथे घटनाक्रम पाहूनच निवड केली आहे. — संपा.